बिघाड कोणता आणि स्वभाव कोणता: स्पेक्ट्रमवाल्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

स्पेक्ट्रम, म्हणजे तो जुना घरगुती संगणक, सुरू झाला. पडदा पांढरा झाला आणि तळाशी तो बनवणाऱ्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीची १९८२ सालची ओळ उमटली. तुम्ही वहीच्या पानांवर लिहून पाठवलेलं सगळं पुढे कुणाला ना कुणाला लागेलच, म्हणून तुमचे आभार चारचौघांत मानतो आहोत. हे यंत्र एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडात आलं, ४८ के (किलोबाइट) स्मृतीचं मॉडेल १७५ पौंडांना. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याचीच पुढची आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने विकली. त्यामुळे माळ्यावरच्या खोक्यातून ते अजूनही निघतं, आणि ज्याच्या हाती लागतं तो आधी पिन जोडून बटण दाबतो. तिथेच घात होतो.

म्हणून पहिले आभार सप्लायच्या पानाबद्दल. या यंत्राच्या ९ व्होल्ट पिनेचा मधला भाग ऋण असतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरचा मधला भाग धन असतो, आणि पिन मात्र नेमकी बसते. मूळ सप्लाय ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा, भार नसताना मीटरवर तो १३ व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि ते बरोबर आहे, हे तुम्ही लिहिलं नसतं तर कुणीही धडधाकट सप्लाय फेकून दिला असता.

त्याच्या पुढचं पान सगळ्यात मोलाचं. खालच्या १६ के स्मृतीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप आहेत आणि त्यांना तीन वेगवेगळे दाब लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. पहिला ७८०५ रेग्युलेटरकडून येतो. उरलेले दोन, एक छोटी कॉइल आणि टीआर ४, टीआर ५ हे दोन ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. टीआर ४ म्हणजे झेडटीएक्स ६५०. यंत्र चालू असताना मागच्या पट्टीत जॉयस्टिकचा इंटरफेस खुपसला किंवा नुसता हलला तरी शेजारचे संपर्क एकमेकांना टेकतात आणि हा ट्रान्झिस्टर जातो. तो गेला की उणे ५ जातो, आणि उणे ५ नसताना बाकीचे दाब मिळत राहिले तर ४११६ चिप आतून मरते. मेलेली चिप १२ व्होल्टची वाट शॉर्ट करते. मग नवा घातलेला टीआर ४ पुन्हा जळतो. लोक इथे तीन-तीन ट्रान्झिस्टर जाळतात आणि माल खराब होता म्हणतात. तुम्ही क्रम लावून दिलात: सप्लाय न जोडता आधी १२ व्होल्टची रेषा आणि जमीन (ग्राउंड) यांच्यामधला रोध मोजायचा. तो शून्याजवळ असेल तर शॉर्ट चिप शोधून काढायची. मग कॉइलचं वेटोळं तुटलं नाही ना ते पाहायचं, टीआर ५ तपासायचा आणि शेवटी टीआर ४ बदलायचा. चालू केल्यावर कोणत्याही एका ४११६ वर मोजायचं: १ नंबरच्या पायावर उणे ५, ८ वर १२, ९ वर ५, आणि १६ जमिनीला. चारही जागा जुळल्याशिवाय पडद्याकडे बघायचंसुद्धा नाही.

पडद्यावरच्या लाल रेषांचं गणित तर फारच सुंदर. चालू होताना रॉम, म्हणजे कायमचा प्रोग्राम कोरलेली चिप, सगळ्या स्मृतीत २ हा आकडा भरते. चित्राच्या भागात २ म्हणजे प्रत्येक आठ ठिपक्यांतला एकच पेटलेला, आणि रंगाच्या भागात २ म्हणजे काळ्या कागदावर लाल शाई. म्हणून क्षणभर काळ्या पडद्यावर ३२ बारीक उभ्या लाल रेषा दिसतात. त्या दिसल्या याचा अर्थ प्रोसेसर, रॉम आणि यूएलए (चित्र आणि आवाज सांभाळणारी चिप) जिवंत आहेत. मोबाइलवर चित्रण करून ती चौकट थांबवली की पुढचंही कळतं. कागद हिरवा दिसला तर पाचवा बिट (बिट शून्यापासून मोजायचे) १ वर अडकला आहे. निळा दिसला तर तिसरा. रेषा किरमिजी झाल्या तर शून्यावा. एकेक चिप एकेक बिट सांभाळते, त्यामुळे आठांपैकी कुठलीला हात घालायचा ते काही उपसायच्या आधीच ठरतं.

वरच्या ३२ केची परीक्षा आणखी सोपी. यंत्र नीट सुरू झालं तरी ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’ टाकायचं. ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ के शाबूत आहे. ३२७६७ आलं तर वरची स्मृती लागतच नाही. मधलाच आकडा आला तर रॉमची तपासणी त्या पत्त्यापाशी अडखळली. वरच्या चिप ४५३२ जातीच्या, म्हणजे अर्धाच भाग चांगला निघालेल्या ६४ किलोबिटच्या. त्यांच्या जागी पूर्ण ४१६४ चालते, हे लिहिलंत ते बरं झालं. ४५३२ शोधत बसण्यात अर्थ नाही.

रंगांबद्दल. चित्र येतं पण रंग नाही, अशा वेळी लोक सरळ यूएलए बदलायला निघतात, आणि ती चिप सहज मिळत नाही. तुमची युक्ती अशी की बॉर्डर, म्हणजे चित्राभोवतीच्या पट्ट्याचा रंग, ० पासून ७ पर्यंत एकेक करून बघायची. काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा हा क्रम उजेडाच्या चढत्या पायऱ्यांचा आहे. करड्या छटांच्या आठ पायऱ्या स्वच्छ दिसल्या तर यूएलए आपलं काम करते आहे. दोष पुढे आहे: एलएम १८८९ चिपमध्ये किंवा ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलमध्ये. दुसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर रंग जुळवायला दोन फिरते रोध आणि दोन ट्रिमर आहेत. ते प्लास्टिकच्याच पेचकसाने फिरवायचे आणि त्याआधी मूळ जागेवर शाईची खूण करायची. तिसऱ्या आवृत्तीत ते रोध नाहीत. तिथे ते शोधत बसू नये.

टीव्हीबद्दलही. मूळ मॉड्युलेटर यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर चित्र सोडतो आणि नवे टीव्ही ते नीट पकडत नाहीत. डब्यात जाणाऱ्या दोन तारांपैकी स्थिर ५ व्होल्टची मीटरने ओळखून सोडवायची. आत मधल्या पिनेला लागलेला रेझिस्टर सुटा करायचा, आणि चित्राची तार १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून त्या पिनेला जोडायची, धन टोक बोर्डाकडे. मग साध्या एव्ही केबलवर चित्र येतं. यंत्र इंटरलेस न केलेल्या ३१२ ओळी पाठवतं, त्यामुळे काही टीव्ही तरीही ‘सिग्नल नाही’ म्हणतात. तो यंत्राचा दोष नाही, टीव्ही बदलून पाहावा.

इथून स्वभावाची पानं सुरू होतात, आणि काका, नवख्या माणसाचा खरा वेळ तुम्ही इथे वाचवलात. २५६ गुणिले १९२ ठिपक्यांच्या पडद्याला रंगासाठी फक्त ७६८ बाइट आहेत. आठ बाय आठच्या चौकोनात एक शाई आणि एक कागद, बस. लाल माणूस हिरव्या झाडासमोरून गेला की झाडाचा तुकडा लाल होणारच. चिप बदलून ते जात नाही. चित्रच चौकोनांच्या रेषांवर बसवावं लागतं किंवा हलणारी आकृती मागच्या चित्राच्याच शाईत ठेवावी लागते. चौकोनाचा पत्ता २२५२८ अधिक ३२ गुणिले ओळ अधिक स्तंभ. आकडा म्हणजे शाई, अधिक ८ पट कागद, चकाकीसाठी ६४, लुकलुकण्यासाठी १२८. पिवळ्यावर चमकता लाल हवा तर २ + ४८ + ६४, म्हणजे ११४.

पडद्यावर बर्फासारखे ठिपके नाचायला लागले तर स्मृती खराब झाली असं वाटतं. बहुतेकदा कुणीतरी प्रोसेसरच्या आय रजिस्टरमध्ये (आतल्या एका छोट्या कप्प्यात) ६४ ते १२७ मधला आकडा ठेवलेला असतो. रिफ्रेशचा, म्हणजे स्मृती ताजी ठेवायला प्रोसेसर पाठवतो तो, पत्ता तेव्हा पडद्याच्या स्मृतीत पडतो आणि यूएलए गोंधळते. इंटरप्टचा, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या इशाऱ्याचा, तक्ता ३२७६८ च्या वर हलवला की बर्फ थांबतो.

आवाजाचंही तसंच. स्पीकरला मिळतो एकच बिट, पोर्ट २५४ चा (पोर्ट म्हणजे प्रोसेसरची बाहेरच्या भागांशी बोलायची वाट) चौथा, आणि तो प्रोसेसरलाच हलवावा लागतो. बीप वाजत असताना बाकी सगळं थांबतं ते यामुळे. आवाज खरखरीत आणि बेसूर येत असेल तर आधी तो प्रोग्राम कुठे ठेवला आहे ते बघायचं. १६३८४ ते ३२७६७ या भागात यूएलए चित्र वाचताना प्रोसेसरला अडवते, एका वेळी सहा टी-स्टेटपर्यंत (प्रोसेसरच्या घड्याळाचे सहा ठोके), आणि सूर हलतो. तोच प्रोग्राम ३२७६८ च्या वर, इंटरप्ट बंद करून चालवला की स्वच्छ वाजतो. त्याच पोर्टचे पहिले तीन बिट बॉर्डरचे आहेत, म्हणून पांढरी बॉर्डर टिकवायची तर १६ आणि ० नव्हे, २३ आणि ७ आळीपाळीने पाठवायचे. स्पीकर अगदी लहान आहे. मोठा आवाज हवा असेल तर माइकच्या सॉकेटमधून अ‍ॅम्प्लिफायरला तार न्यावी.

काही जुने खेळ नव्या बोर्डावर आपोआप पळत सुटतात, कळ दाबलीच आहे असं समजून. कारण कुठलीच कळ दाबलेली नसताना जुन्या बोर्डावर पोर्ट २५४ वाचलं की २५५ येतो, नव्यावर १९१. प्रोग्रामने ३१ ने मास्क करून, म्हणजे खालचे पाच बिटच ठेवून, मगच तुलना केली की झालं. कीबोर्ड उघडायची गरज नाही.

मात्र पाच शेजारच्या कळा एकदम मेल्या, समजा १ ते ५, तर तो खराच बिघाड आहे. कीबोर्डच्या आठ तारांच्या पट्टीतली एक तार तुटली. याउलट १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट आणि स्पेस एकत्र गेल्या तर पाच तारांच्या पट्टीतली. पट्टी म्हातारी होऊन ठिसूळ होते आणि सॉकेटपाशीच चिरते. लांबी पुरत असेल तर चिरलेलं टोक कापून पुन्हा खुपसता येतं. नाहीतर नवी मेंब्रेन (कळांखालचा पातळ पडदा) मिळते, आणि तीच घालावी.

प्रोग्राम साठवायच्या टेपचं थोडक्यात. सेव्ह करताना ईअरची (टेपचा आवाज आत घेणाऱ्या सॉकेटची) तार काढायची, नाहीतर आवाज फिरून आत येतो. मोबाइलवरून लोड करताना आवाज पूर्ण ठेवायचा, इक्वलायझर बंद, आणि एकच चॅनेल जोडायचा. बॉर्डर नुसती सावकाश लाल-आकाशी होत राहिली तर सिग्नल कमी पडतो आहे. नाव दिसलं पण पुढे लोडिंग एरर आली तर टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी हळू फिरवत, कॅसेटचा आवाज सगळ्यात तीक्ष्ण येईल तिथे थांबायचं.

एक विनंती आहे, काका. दुसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर प्रोसेसरच्या अंगावर पाय पसरून बसलेल्या त्या एकाकी ट्रान्झिस्टरबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: तो कारखान्यातूनच बसवलेला आहे, काढू नये. त्या ओळीखाली लाल रेघ मारून पान पुन्हा पाठवाल का? कुणाच्या तरी वाढीव दुरुस्तीचा तुकडा समजून तो उपटायचा मोह फार होतो.

मोजलेले तीनही दाब तारखेसकट कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत. खाली तुमच्या पानांचा क्रमांकही टाकला आहे, म्हणजे पुढे जो कुणी हे झाकण उघडेल त्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.

तुमचे कृतज्ञ,
स्पेक्ट्रम जपणारी मंडळी