आईच्या खोलीचा रंग

प्रिय सुमे,

घरी सगळे मजेत. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं अजून व्हायचंय. माझी पाठ आहे तशीच. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आईच्या खोलीला रंग काढायचाय म्हणून शेड कार्ड पसरून बसलो होतो. आईनं एक ऑफ-व्हाइटची पट्टी उचलली, डावा डोळा झाकला, मग उजवा, मग परत डावा. म्हणाली, "या डोळ्यानं पांढरं आहे, आणि या डोळ्यानं जुन्या पोस्टकार्डासारखं. खरं कुठलं गं?" आणि पट्टी खाली ठेवून म्हणाली, "मला नका विचारू आता. तुम्हीच ठरवा."

सुमे, तुझ्या मोरपंखी स्वेटरची बाही उसवली होती तेव्हा नमुना न नेता, नुसत्या आठवणीवर लोकर जुळवून आणणारी बाई ही! दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "वयानं होतं." वयानं होतं हे मलाही कळतं. पण आईनं रंगातून अंग काढून घेणं म्हणजे काय, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मी डॉक्टरांना विचारलं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं आणि निळा उजेड आत शिरू देत नाही. नवं भिंग स्वच्छ, त्यामुळे त्या डोळ्याला पांढरं पांढरं दिसतं आणि निळं एकदम झळझळीत. हे ऐकलं आणि गच्चीवरचं तुझं त्या फ्रेंच चित्रकाराचं, मोनेचं पुराण आठवलं! त्याचंही १९२३ मध्ये उजव्याच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डावा तसाच राहिला होता. तू तेव्हा बोलता बोलता माझा चहा संपवला होतास, ते मात्र मी विसरणार नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या धाकटीनं २०२६ चे सगळे फॅशनमधले रंग पाठ केलेत. दर वर्षी एक रंग जाहीर करणाऱ्या पॅन्टोन कंपनीचा २०२५ चा 'मोका मूस' तपकिरी होता, २०२६ चा 'क्लाउड डान्सर' चक्क पांढरा. रंगाच्या कंपन्यांचं एकमत नाहीच: शर्विन-विल्यम्सचा खाकी, बेंजामिन मूरचा 'सिल्हूट' म्हणजे कॉफीकडे झुकणारा कोळशी, व्हॅलस्पारचा निलगिरीच्या पानांचा हिरवा, आणि ड्युलक्सनं तर तीन निळे काढलेत. (निळे! तुझा आनंद मला इथे दिसतोय.) तो हिरवा मला मनापासून आवडला. डोळ्याला फार शांत वाटतो.

पण धाकटीला करायचंय ते 'कलर ड्रेंचिंग'. भिंती, छत, चौकट, दार, सगळं एकाच रंगात बुडवायचं. फोटोत ते सुंदर दिसतं, नाही म्हणणार नाही. पण परवा दिवेलागणीला मी आईला बघितलं. पांढऱ्या भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड, आणि ती तळहात भिंतीवरून सरकवत बटण शोधत होती. बटण सापडल्यावर तिनं मागे वळून बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. तिथे दार आणि चौकटही भिंतीच्याच रंगाची केली तर? मला रात्री झोप लागेना.

मग मी वाचत बसले. शेडच्या माहितीत पुष्कळदा एलआरव्ही म्हणून एक आकडा देतात, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. काळा शून्याकडे, पांढरा शंभराकडे. नजर कमी असलेल्यांसाठी भिंत आणि दार यांच्या आकड्यांत ३० चा तरी फरक ठेवा, असं ब्रिटनचं बीएस ८३०० हे मानक सांगतं. रंग वेगळा असून भागत नाही, गं. लाल भिंतीवर हिरवं दार आपल्याला लांबून ओळखू येतं, पण दोन्हींचा आकडा सारखा असेल तर धूसर नजरेला ती एकच भिंत. आणि ग्लॉस नको, चकाकीनं तिचे डोळे दिपतात. मॅटच.

धाकटीला हे सगळं समजावलं. आधी रुसली, मग तिनंच तोडगा काढला: तिच्याच यादीतला कोळशी रंग चौकटीला आणि दाराला, भिंत फिकट. पोर गुणी आहे.

राहिला भिंतीचा रंग. रंगारी म्हणतो सोमवारी हात लावतो. पण आज आईच्या दोन डोळ्यांना दोन वेगळ्या भिंती दिसणार आणि डाव्याचं ऑपरेशन झालं की त्यातली एक नाहीशीच होणार! म्हणून मी ठरवलंय, आत्ता पुट्टी, प्रायमर आणि चौकटी उरकायच्या, भिंतीचे दोन हात ऑपरेशननंतर. दादाला हे पटत नाही, घर किती दिवस विस्कटलेलं ठेवायचं म्हणतो. ठेवू. रंग तिनं निवडायचा, तिच्या खोलीत, तिच्याच दिव्याखाली. गॅदरिंगच्या नाटकाचा सेट आठवतो ना? तुझी निळी भिंत प्रयोगात काळी ठिक्कर झाली आणि तू आजवर लाइटवाल्याला बोल लावतेस. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पिवळ्या दिव्यात गडद निळं मरतंच. मी पिवळा म्हणत होते! यंदा मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात देऊन ते सकाळ-संध्याकाळ भिंतीला टेकवून बघणार आहे.

तुझी बदली झाली का? लेकीच्या इंटरव्ह्यूचं काय झालं? गुडघ्याचे व्यायाम सोडू नकोस.

आणि एक काम कर. तुला हॉलला रंग काढायचाच आहे ना, तर आईला फोन कर. तब्येतीचं विचारू नकोस, ते सगळेच विचारतात. सरळ विचार, "काकू, माझ्या हॉलला कुठला देऊ?" खिडक्या कुठे, ऊन कधी येतं, सोफा कसला, सगळं सांग. ती आधी नको म्हणेल, तू हटू नकोस. आणि ती सांगेल तो रंग खरंच दे हं, निळा नसला तरी. दुपारी ती झोपते, चारनंतर कर.

तुझी,
विजू