‘वीव्ह’ आणि कोळ्याचे जाळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील हातमागावरचा लेख आवडला. मात्र विणणे या अर्थाचे इंग्रजी ‘वीव्ह’ हे क्रियापद संस्कृत ‘वे’ धातूवरून तयार झाले, हे त्यातील विधान पटण्यासारखे नाही. ‘ओतप्रोत’ या आपल्या रोजच्या शब्दात ‘वे’ आहे खरा, पण त्यात ‘भ’ नाही, आणि ‘वीव्ह’चा सगळा इतिहास त्या ‘भ’वर उभा आहे.

हे क्रियापद जुन्या इंग्रजीत ‘वेफन’, जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘वेबन’, तर जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, ‘वेफा’ असे आढळते. संस्कृतात ज्या ठिकाणी ‘भ’ येतो तेथे जर्मेनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातील, भाषांत ‘ब’ येतो, जसे ‘भ्रातृ’ आणि ‘ब्रदर’. त्यामुळे ‘वेबन’चे संस्कृतातील आप्त शोधायला निघालो की आपण थेट कोळ्यापाशी पोहोचतो. कोळ्याला वैदिक वाङ्मयात ‘ऊर्णवाभि’, म्हणजे लोकर विणणारा, असे नाव आहे. पुढे ‘वाभ’चा अर्थ लोक विसरले आणि कोळ्याच्या बेंबीतून धागा निघतो अशा समजुतीने त्याचा ‘ऊर्णनाभ’ झाला. तेव्हा येथील नाते मायलेकींचे नसून बहिणींचे आहे.

जुन्या इंग्रजीत लिहिताना ‘फ’ असला तरी दोन स्वरांमध्ये त्याचा उच्चार ‘व्ह’ होई. तोच आज ‘वीव्ह’मध्ये राहिला. ‘वेब’ या नामात मात्र ‘ब’नंतर आलेल्या ‘य’मुळे ‘ब’चे द्वित्व झाले आणि तो टिकला. भूतकाळाचे रूप मूळचे ‘वॅफ’ होते. आपल्याकडे ‘मरणे’चे ‘मारणे’ करताना आतला स्वर बदलतो, तसाच तेथे काळासाठी बदले. आजच्या ‘वोव्ह’ आणि ‘वोव्हन’मधला ‘ओ’ मात्र मागाहून, ‘स्टोलन’सारख्या रूपांच्या अनुकरणाने शिरला. डच भाषेने हा खटाटोप सोडून भूतकाळ सरळ नियमित करून टाकला.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक विणकर याच कामाला ‘नेयु’ म्हणतात. ताणा तोच, धोटा तोच. पण तो शब्द द्राविडी कुळातला, ‘वीव्ह’शी त्याचा संबंध नाही. पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भाषाशिक्षक, सोलापूर