थकवा सुट्टीनेही जात नसेल तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'काम जास्त झालंय, दोन दिवस आराम कर' हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. साध्या थकव्याला तो लागू पडतो, बर्नआऊटला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस आतून खचून जाण्याला, पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआऊटची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. त्याच्या खुणा तीन: अंगातले त्राण संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणे आणि पूर्वीसारखे काम हातून न होणे. साप्ताहिक सुट्टीनंतरही या तिन्ही तशाच राहत असतील तर अंगावर काढू नये.

सोलापुरात या खुणा बऱ्याचदा आधी हातांत दिसतात. यंत्रमागावर तुटलेला धागा उशिरा नजरेस पडतो आणि चादरीत दोष राहतो. वर्षानुवर्षे विड्या वळणाऱ्या बाईच्या बाद विड्या एकाएकी वाढतात. शिक्षकाची गुणांची बेरीज चुकू लागते. चुका वाढल्या की मजुरी कापली जाते, ती भरून काढायला माणूस आणखी तासभर बसतो, झोप कमी होते आणि दुसऱ्या दिवशी चुका आणखी वाढतात. हजार विड्यांवर किंवा नगावर मजुरी मिळणाऱ्याच्या सुट्टीला पगार नसतो. त्याला नुसते 'आराम कर' म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते.

आधी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी-१२ तपासून घ्यावे. रक्त कमी असले किंवा थायरॉईड बिघडले तरी असाच थकवा येतो आणि त्यावरचा उपाय वेगळा असतो. झोपेच्या गोळ्या ओळखीच्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत, त्यांची सवय लागते. दारूने झोप लवकर लागली तरी उत्तररात्री ती मोडते.

खरी अडचण मदत मागण्यात आहे. 'मला आता झेपत नाही' एवढेच म्हटले की समोरचा धीर देतो आणि विषय तिथेच संपतो. कोणते काम, किती आणि कधीपर्यंत, हे तिन्ही सांगावे. 'पुढचे तीन आठवडे रात्रपाळी देऊ नका.' 'महिनाभर आईंना दवाखान्यात न्यायचं तुम्ही बघा.' असे बोलणे पाळी सुटताना, भांडणाच्या भरात करू नये. त्यासाठी वेगळी वेळ मागून घ्यावी. त्याआधी आठवडाभर वहीच्या एका पानावर झोपेचे तास, कामाचे तास आणि कोणत्या कामानंतर जीव नकोसा होतो ते लिहून काढावे. मुकादमापुढे किंवा मुख्याध्यापकांपुढे हे पान ठेवले की तक्रारीला आधार मिळतो. नकार आला तर 'मग यातलं कोणतं काम मागे ठेवू?' असे विचारावे. बायकांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो: मोकळा झालेला तास घरातल्या साचलेल्या धुण्याभांड्यांत जातो. म्हणून घरच्यांकडेही तशीच नेमकी मागणी करावी, आणि घरच्यांनी ती हट्ट समजून उडवून लावू नये.

दोन आठवडे उलटूनही जेवण, मुले, सणवार कशातच मन लागत नसेल, तर ते बर्नआऊटच्या पुढचे, नैराश्याचे लक्षण असू शकते. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. सकाळी जावे, सोबत घरचे कोणी आणि आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या असाव्यात. 'कामावर कळलं तर?' या भीतीने अनेक जण पायरी चढत नाहीत. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे. जाणे जमत नसेल तर केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत मिळते. मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडमध्येही तिथे बोलता येते. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांना हे आवर्जून सांगायला हवे. जगणे नको असल्याचे कोणी बोलून दाखवले, तर त्याला एकटे न सोडता लगेच फोन लावावा.

आपल्या दैनिकात बाजारभाव आणि पंचांग रोज छापले जाते. त्याच पानावर १४४१६ हा क्रमांक रोज, ठळक अक्षरांत छापावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक समुपदेशक, सोलापूर