१५० वॅटचा रिसीव्हर, ४ ओहमचे स्पीकर आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ध्वनी उपकरणे विभाग

विषय : चुकीची माहिती देऊन विकलेला एव्ही रिसीव्हर परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून घेतलेला सात चॅनेलचा एव्ही रिसीव्हर (सात स्पीकर चालवणारे अ‍ॅम्प्लिफायर-यंत्र) माझ्या नव्या स्पीकरांवर चालत नाही. आवाज जरा वाढवला की पडद्यावर 'प्रोटेक्ट' अशी अक्षरे येतात आणि तो बंद पडतो. आपल्या सेवा केंद्राने तो तपासला आणि "स्पीकर ४ ओहमचे आहेत, वॉरंटी लागू होत नाही" असा शेरा मारून परत पाठवला. रिसीव्हर बिघडला आहे असे माझेही म्हणणे नाही. माझे जुने ८ ओहमचे स्पीकर लावले तर तो अख्खा सिनेमा विनातक्रार वाजतो. तो या नव्या स्पीकरांच्या जोडीचा नाही, एवढाच दोष आहे. आणि तो जोडीचा आहे की नाही, हेच मी पैसे भरण्याआधी आपल्याला विचारले होते.

आपल्या विक्री प्रतिनिधीला चॅटवर मी स्पीकरचे मॉडेल आणि त्याची सगळी माहिती दिली होती : इम्पिडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) ४ ओहम, कमीत कमी ३.२ ओहम, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक व्होल्टेजला किती मोठा आवाज येतो) २.८३ व्होल्टला ८७ डेसिबल, कमाल क्षमता १५० वॅट. "हा रिसीव्हर यांना पुरेल का?" या प्रश्नाला आलेले उत्तर असे : "सर, स्पीकर १५० वॅटचे, रिसीव्हरही १५० वॅटचा. परफेक्ट मॅच." पुढे गरज पडली तर वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जोडता येईल का, हेही विचारले. "हो सर, प्री-आउट दिले आहे." रिसीव्हरच्या मागे एकच प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल देणारी जोडणी) आहे आणि ते सबवूफरचे आहे. म्हणजे आज मी पदरचे पैसे घालून पुढच्या दोन स्पीकरांना स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर द्यायचा म्हटले, तरी तो मार्गही बंद.

आता त्या १५० वॅटबद्दल. खोक्यावर, संकेतस्थळावर आणि जाहिरातीत हा आकडा ठळक आहे. त्याच्या अटी माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सापडतात : ६ ओहम, १ किलोहर्ट्‌झ, १० टक्के विकृती, एकच चॅनेल चालू. १० टक्के विकृती म्हणजे गवयाचा आवाज ओळखू येईल, पण ऐकवणार नाही. शिवाय एकाच चॅनेलवर कोणी सिनेमा बघत नाही. त्याच पानावर त्याखाली दुसरी ओळ आहे : ८ ओहम, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, दोन चॅनेल, ०.०८ टक्के विकृती, ८० वॅट. ही ओळ प्रामाणिक आहे. पण ती ग्राहकाच्या हाती रिसीव्हर घरी आल्यावर पडते. ४ ओहमवर किती वॅट मिळतील याचा आकडा कुठेच नाही, आणि माझा प्रश्न नेमका तोच होता.

वॅटला वॅट जुळवणे हा निकषच चुकीचा आहे, हे आपल्यासारख्या कंपनीला मी सांगावे लागते याचे मला वाईट वाटते. स्पीकरवरचा १५० हा आकडा तो किती सोसू शकेल ते सांगतो. त्याला चालवायला अ‍ॅम्प्लिफायरकडून किती करंट लागेल हे इम्पिडन्स ठरवतो. ८ ओहमवर ८० वॅट देताना आपला रिसीव्हर साधारण २५ व्होल्ट आणि ३ अँपिअरच्या आसपास काम करतो. तेवढाच व्होल्टेज ३.२ ओहमवर गेला की तो स्पीकर जवळजवळ ८ अँपिअर मागतो. हा करंट पुरवायला मोठा ट्रान्सफॉर्मर, जास्त आउटपुट ट्रान्झिस्टर आणि उष्णता बाहेर टाकणारा मोठा हीटसिंक लागतो. ते नसेल तर संरक्षण सर्किट रिसीव्हर बंद करते, आणि ते योग्यच करते.

सेन्सिटिव्हिटीचेही तसेच. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमवर १ वॅट, पण ४ ओहमवर २ वॅट. म्हणून माझ्या स्पीकरची ८७ डेसिबल ही एका वॅटच्या हिशेबाने ८४ च आहे. आवाज १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट शक्ती लागते, २० डेसिबलने वाढवायचा तर शंभरपट. साधे बोलणे एका वॅटवर ऐकू येत असेल आणि मध्येच तेवढी उसळी आली, तर क्षणभर १०० वॅट हवेत, तेही पुढच्या प्रत्येक स्पीकरला. हा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राइतका सोपा आहे. मी दिलेल्या आकड्यांवरून आपल्या प्रतिनिधीला तो करता येत नसेल, तर त्याला उत्तर देण्याच्या जागी बसवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

माझ्या घरी सिनेमापेक्षा शास्त्रीय संगीत जास्त वाजते. स्पीकर त्यासाठीच घेतले, बऱ्याच वर्षांची बचत त्यात गेली. विलंबित ख्याल चालू असेपर्यंत काही होत नाही. द्रुत सुरू झाले, डग्ग्याची घुमक भरून आली, की रिसीव्हर मिटतो. याचे कारण स्पीकरच्या आलेखात सरळ दिसते : त्याचा इम्पिडन्स सगळ्यांत खाली उतरतो तो ११० हर्ट्‌झच्या आसपास, जिथे डग्ग्याचा भरणा असतो. रंगत आली की शांतता, असे दर बैठकीला होते. ज्याने मनापासून गाणे ऐकले आहे त्याला यातला त्रास कळेल.

आपल्या हेल्पलाइनने सुचवलेले सगळे करून झाले आहे. रिसीव्हर कपाटात नाही, वरून आणि बाजूंनी मोकळा आहे. तार १४ गेजची शुद्ध तांब्याची आहे आणि तिचे सुटे तंतू एकमेकांना टेकलेले नाहीत. स्पीकर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झवर ठेवला आहे, म्हणजे खालचा बास स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या सबवूफरकडे जातो. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन इम्पिडन्स ४ ओहम करायला सांगितले. तेही केले. तसे केल्यावर रिसीव्हर बंद पडत नाही, कारण त्या सेटिंगमध्ये तो आउटपुटचा व्होल्टेज उतरवतो. उष्णता कमी होते आणि शक्तीही कमी होते. मग आवाजाचे शेंडे कापले जातात, डग्गा फाटका येतो, तारसप्तक कानाला टोचते. अशा कापलेल्या सिग्नलने ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, जळू शकतो. स्पीकर गमावून रिसीव्हर सांभाळण्याची माझी तयारी नाही.

आणि एक गोष्ट मला अजून समजलेली नाही. मेनूमध्ये ४ ओहमची सोय आपणच दिली आहे, ती वापरा असे आपल्याच हेल्पलाइनने सांगितले, आणि ४ ओहमचे स्पीकर लावले म्हणून वॉरंटी आपल्याच सेवा केंद्राने नाकारली. या तिन्हींपैकी कंपनीचे खरे म्हणणे कोणते, ते लेखी कळवावे.

अमेरिकेत घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटची जाहिरात कशी करावी याचा नियम १९७४ पासून आहे आणि २०२४ मध्ये तो आणखी कडक झाला. याच मॉडेलच्या आपल्या अमेरिकेतील पानावर ८ ओहमचा ८० वॅट हा आकडा मोठ्या अक्षरांत आहे. यंत्र तेच, आतले सर्किट तेच. तिथल्या ग्राहकाला ८० सांगायचे आणि इथल्या ग्राहकाला १५०, हे मला अपमानास्पद वाटते. कायद्याने भाग पाडले तरच खरे बोलायचे, हे आपल्या नावाला शोभत नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते, आणि अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या कलम २(४७) मध्ये आहे. विक्री ऑनलाइन झाल्यामुळे ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार आपण या तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे.

माझी मागणी अशी : रिसीव्हर आपल्या खर्चाने परत न्यावा आणि बिलाची पूर्ण रक्कम माझ्या खात्यावर जमा करावी. किंवा ४ ओहमवर दोन चॅनेल चालू असताना किती वॅट मिळतात हे लेखी नमूद असलेला आणि सर्व चॅनेलचे प्री-आउट असलेला रिसीव्हर त्याच किमतीत बदलून द्यावा. 'तत्सम मॉडेल' असे मोघम उत्तर मला चालणार नाही. याखेरीज, संकेतस्थळावरील १५० वॅटच्या आकड्याशेजारी त्याच्या अटी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापाव्यात. त्यातून मला काही मिळणार नाही, पण स्पीकर घेऊन झाल्यावर रिसीव्हर शोधणारा पुढचा माणूस फसणार नाही.

महिनाभरात निर्णय न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून आमच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे, त्यामुळे मला आपल्या मुख्यालयाच्या शहरात यावे लागणार नाही. रिसीव्हर मूळ खोक्यात, रिमोट आणि माइकसह बांधून तयार आहे. कुरियर पाठवण्याआधी फक्त एक फोन करावा.

कळावे,

आपला ग्राहक
सांगली

सोबत : बिलाची प्रत, चॅटची छापील प्रत, सेवा केंद्राचा शेरा, स्पीकरच्या माहितीपत्रकाचे इम्पिडन्स आलेखाचे पान. नाव, पत्ता आणि संपर्क बिलावर आहे.