बेटांची चांदीची नाणी घेताना

महोदय,

मुंबईतील नाण्यांच्या प्रदर्शनांत निउए, तुवालू, कुक बेटे अशा प्रशांत महासागरातील चिमुकल्या प्रदेशांच्या नावाने काढलेली चांदीची स्मारक नाणी हल्ली बरीच दिसतात आणि काही विक्रेते ती ‘दुर्मिळ परकीय चलन’ म्हणून नवख्या संग्राहकांच्या गळ्यात मारतात, म्हणून हे पत्र.

निउएची लोकसंख्या दोन हजारांच्याही आत आहे. तेथील रोजचा व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये चालतो. निउएच्या नावाची नाणी ऑकलंड, वॉर्सा अशा दूरच्या टांकसाळींत पाडली जातात, तर तुवालूची बरीचशी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे. नाव वापरू दिल्याबद्दल बेटाच्या सरकारला स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळते. उत्पन्नाची साधने तोकडी असलेल्या देशाने असे केले तर त्यात गैर काहीच नाही. मात्र ९९९ कसाच्या (हजारात ९९९ भाग शुद्ध चांदी), एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम वजनाच्या निउएच्या नाण्यावर दर्शनी किंमत बहुधा २ न्यूझीलंड डॉलर, म्हणजे आपले शंभरेक रुपये असते आणि आतल्या चांदीची किंमत त्याच्या कितीतरी पट असते, त्यामुळे ‘कायदेशीर चलन’ या बिरुदाचा संग्राहकाला व्यवहारात काडीचाही आधार नाही. झवेरी बाजारात मोडीत घालायला गेल्यास सराफ वजन आणि कस एवढेच पाहतो. रंगीत छपाई, लाकडी पेटी आणि प्रमाणपत्र यांपायी मोजलेले पैसे तिथेच बुडतात.

कारागिरी आवडली म्हणून नाणे घेणाऱ्यांना मी नाउमेद करणार नाही. निउएच्या नाण्यावरील समुद्री कासव भिंगाखाली अवश्य पाहावे! फक्त आपल्या दमट हवेत, त्यातील गंधकामुळे, चांदी काळवंडते आणि मग दिवाळीत समया-ताम्हणांबरोबर नाणेही पावडरने घासून काढण्याचा मोह घरच्यांना होतो. त्याने आरशासारख्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत उतरते. काळसर झाक राहिलेली परवडली. नाणे त्याच्या बंद डबीतच ठेवावे, हाताळावे लागलेच तर कडेने धरावे.

प्रदर्शनाच्या आयोजकांनी गाळा देतानाच अट घालावी, की प्रत्येक विक्रेत्याने वजन, कस, टांकसाळीचे नाव आणि त्या दिवशीच्या भावाने होणारी चांदीची किंमत पावतीवर वेगळी लिहून द्यावी. ज्याचा माल चोख आहे, त्याला ही अट जड जाऊ नये.

– एक नाणेसंग्राहक, दादर, मुंबई