सावकाराचा परवाना होता का, हे आधी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खासगी सावकाराच्या वकिलाकडून येणाऱ्या नोटिशीचा मजकूर बहुधा ठरलेला असतो. घरगुती अडचणीसाठी आपण आमच्या अशिलाकडून हातउसनी रक्कम घेतली, परतफेडीपोटी स्वखुशीने धनादेश दिला आणि तो न वटता परत आला, सबब 15 दिवसांत रक्कम भरावी. व्याजाचा त्यात चकार शब्द नसतो, कारण तो काढला तर दर सांगावा लागेल. दर सांगितला तर हा धंदा असल्याचे कबूल होईल आणि धंदा म्हटला की परवाना दाखवणे आले. तालुका न्यायालयात वकिली करताना मला सतत दिसते ते असे, की नोटीस हाती पडलेला माणूस रकमेच्या आकड्यावर वाद घालतो, आजवर किती हप्ते भरले ते सांगतो, मुदत मागतो. पण पैसे दिले त्या दिवशी देणाऱ्याकडे सावकारीचा परवाना होता का, हे क्वचितच विचारतो.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 13 प्रमाणे, कर्ज दिले त्या वेळी सावकाराकडे वैध परवाना होता अशी न्यायालयाची खात्री झाल्याशिवाय त्याच्या बाजूने हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा अंतिम आदेश, करता येत नाही आणि परवाना नव्हता असे दिसल्यास दावा फेटाळावा लागतो. नंतर काढलेला परवाना मागच्या व्यवहाराला लागू होत नाही, आणि परवाना ज्या क्षेत्रासाठी दिलेला असतो त्याबाहेर धंदा करता येत नाही. विनापरवाना सावकारीला 5 वर्षांपर्यंत कैद, 50 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. परवानाधारकालाही मोकळे रान नाही. शासनाने ठरवून दिलेले वार्षिक दर शेतकऱ्यांना तारणी कर्जासाठी 9 टक्के व विनातारण 12 टक्के, तर इतरांना अनुक्रमे 15 व 18 टक्के असे आहेत. चक्रवाढ व्याजाला मनाई आहे आणि व्याजाची एकूण रक्कम मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. गावोगाव दरमहा शेकडा 5 रुपयांनी पैसे फिरतात, म्हणजे वर्षाला 60 टक्के झाले.

मात्र हा बचाव म्हणजे कर्ज बुडवण्याची पळवाट नव्हे, आणि तो तसा वापरण्याचा मोह अलीकडे वाढतो आहे, हेही वकील म्हणून मला लिहिलेच पाहिजे. मेहुण्याने किंवा मित्राने अडचणीला एकदा पैसे दिले, त्यावर थोडे व्याजही घेतले, एवढ्याने तो सावकार होत नाही. कायद्याला अभिप्रेत आहे तो धंदा, म्हणजे पद्धतशीरपणे, वारंवार आणि सातत्याने कर्जे देणे. बँका आणि सहकारी पतसंस्था या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल आहे. शिवाय 3 लाखांहून अधिक रक्कम वचनचिठ्ठीखेरीज अन्य परक्राम्य दस्तऐवजाच्या, उदाहरणार्थ धनादेशाच्या, आधारे दिली असेल तर ते या कायद्याच्या व्याख्येतले कर्जच ठरत नाही. माझ्या मते कायद्यातले सर्वांत मोठे भगदाड हेच आहे, आणि मोठे सावकार ते चांगले ओळखून आहेत.

मग धंदा सिद्ध कसा करायचा? ‘वादी हा अवैध सावकार आहे’ असे एक वाक्य कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, घालून भागत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो; एकाच माणसाने एकाच तालुक्यात वेगवेगळ्या लोकांविरुद्ध धनादेशाच्या फिर्यादी लावलेल्या असतील, तर त्यांची यादी उलटतपासणीत कामी येते. कर्जापोटी जमीन गेली असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2 चे, म्हणजे दस्तनोंदणीच्या सूचीचे, उतारे काढावेत. बिगरशेती धंदा असलेल्या माणसाच्या नावे निरनिराळ्या गावांतली खरेदीखते, किंमत बाजारभावाच्या मानाने नगण्य आणि कब्जा अजून मूळ मालकाकडेच, हे चित्र पुरेसे बोलके असते. अशा प्रकरणात सहकार विभागाच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो आणि चौकशीअंती तो खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतो. धनादेशाच्या फौजदारी खटल्यात मात्र वाट अधिक अवघड आहे. तिथे देणे अस्तित्वात होते असे कायदा आधी गृहीत धरतो आणि ते खोडण्याचा भार आरोपीवर येतो. विनापरवाना कर्ज हे कायद्याने वसूल होण्याजोगे देणे आहे की नाही, यावर उच्च न्यायालयांचे निकाल एकमुखी नाहीत. म्हणून दिवाणी दाव्यातल्या बचावाची नक्कल तिथे चिकटवून चालत नाही.

कागदामागे जाऊन व्यवहार पाहण्याची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि ते लोण पुणे-अहमदनगर भागात पसरले. त्यानंतर 1879 साली आलेल्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने न्यायालयांवर खतातील आकड्यावर न थांबता व्यवहाराचा सुरुवातीपासूनचा इतिहास तपासण्याची जबाबदारी टाकली होती.

आजची अडचण अधिक साधी आहे. परवान्याची माहिती सहायक निबंधकाच्या कार्यालयात असते, पण ती कर्जदारापर्यंत वेळेत पोचत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. इकडे धनादेशाच्या नोटिशीला 15 दिवस मिळतात, आणि वचनचिठ्ठीवर संक्षिप्त, म्हणजे झटपट निकालाचा, दावा लागला तर समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत हजर व्हावे लागते. ते दिवस चुकले तर बचाव मांडायच्या आतच हुकूमनामा होऊ शकतो. म्हणून सहकार विभागाने तालुक्यातील परवानाधारक सावकारांची यादी, क्षेत्र आणि परवान्याच्या मुदतीसह, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि एखाद्या व्यक्तीकडे अमुक तारखेला परवाना होता की नव्हता याचा प्रमाणित दाखला अर्ज केल्यापासून 5 दिवसांत द्यावा. यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही, एक परिपत्रक पुरे.

आपला,
एक वकील वाचक, बार्शी
(नाव संपादकांकडे दिले आहे)