हातचा कुठल्या हातात असतो?

महोदय,

मंगळवार पेठेत आमचं छोटं किराणा दुकान आहे. मुलगी दुसरीत शिकते. शाळेतून आली की ती गल्ल्याशेजारी पोत्यावर बसून गृहपाठ करते, त्यामुळे तिचं गणित रोज माझ्या डोळ्यांसमोर चालतं. गेल्या महिन्यात तिने ‘पंच्याहत्तर’ अंकात लिहिताना 57 लिहिलं. वहीत लाल फुली आणि खाली शेरा, ‘1 ते 100 पाच वेळा लिहिणे’. पोर रडकुंडीला आली. म्हणाली, “आधी पंच्या म्हणत्यात, मग हत्तर. मी बरोबर लिहिलो की!”

तिचं ऐकून मी गप्पच झाले. आपण बोलताना एकक आधी म्हणतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. एकोणतीसमध्ये तर कानाला ‘तीस’ ऐकू येतं आणि लिहायचं 29. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तर पाच’ असं वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही चिडले होते. पंच्याहत्तर हा शब्द जाऊ नये असं आजही वाटतं, पण मुलं कुठे अडखळतात ते आता कळलं.

पाच वेळा शंभरी लिहून ही अडचण सुटत नाही. त्या संध्याकाळी मी जुन्या खराट्याच्या काड्या मोडल्या आणि दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावायला तिलाच सांगितलं. सात गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवल्यावर ती स्वतःच म्हणाली, “गठ्ठे सात हाईत, मग सात आधी.” चार दिवस आम्ही हेच खेळलो. मी संख्या म्हणायची, तिने आधी काड्या मांडायच्या, मग पाटीवर लिहायचं.

मग वजाबाकी आली, 42 वजा 17. “आई, हातचा कुठल्या हातात असतोय गं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गल्ला मात्र होता. दहाच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, गिऱ्हाइकाला सतरा रुपये दे. तिने दहाची एक नोट दिली आणि थांबली. “सात सुटे न्हाईत की.” मग नोट मोड, म्हटलं. एक नोट गल्ल्यात टाकून तिने दहा नाणी मोजून घेतली. बारा झाली, त्यातली सात दिली. तिच्याजवळ दोन नोटा आणि पाच नाणी उरली. वहीत 4 खोडून त्यावर 3 का लिहायचे, हे तिला तेव्हा उमगलं.

काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे, पण सासऱ्यांची तागडी माळ्यावर होती, ती काढली. एका पारड्यात साबणाच्या सात सारख्या वड्या, दुसऱ्यात चार. काटा मध्ये यायला अजून किती हव्यात? बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘पुढे उत्तर लिहा’ एवढंच ती समजत होती. दोन्ही बाजू सारख्या असणं म्हणजे बरोबर, हे तागडीने दाखवलं.

पालक सभेत मी विचारलं, वर्गात मणी, काड्या का वापरत नाही? साहित्याची पेटी आहे, पण मुलं मणी हरवतात म्हणून कपाटात असते, असं उत्तर मिळालं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण बाई कष्टाळू आहेत आणि एका वर्गात एवढी मुलं सांभाळणं सोपं नाही. पण मणी हरवले तर चिंचोके आणता येतील. 2021 साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या अभियानाचं उद्दिष्ट असं आहे की 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत गणित यावं. ती मुदत तोंडावर आली आहे आणि पेटी अजून कुलपात आहे.

शहरातल्या सर्व शाळांना विनंती आहे की पहिली-दुसरीच्या वर्गात ही पेटी रोज अर्धा तास तरी उघडावी, आणि गृहपाठात शंभरी लिहायला देण्याऐवजी काहीतरी मोजून, जुळवून आणायला सांगावं. वर्गासाठी काड्यांचे शंभर गठ्ठे मी बांधून देते. तागडी आणि जुनी वजनंही हवे तितके दिवस ठेवून घ्यावीत.

– दुसरीतल्या मुलीची आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर